अकरा फिती

अग्निशमन दलातली ती मुलगी, ब्रिएल,
नारिंगी फितीचं रीळ घेऊन आली.
दोन तास घराभोवती हिंडली.
डेकखाली वाकली, शिडी लावून पन्हळीत हात घातला,
आणि मूठभर सुक्या सुया
ऑरिनच्या तळहातावर ठेवल्या,
सुटे पैसे परत करावेत तशा.
भिंतीलगतच्या ज्युनिपरकडे बघून म्हणाली,
"हिरवं पेट्रोल म्हणतो आम्ही याला."
हसली नाही.

जाताना अकरा झाडांना फिती बांधून गेली.

सकाळी मोजल्या, तर दहा.
स्वयंपाकघराच्या खिडकीपुढचा पाइन मोकळा.
मी काही बोलले नाही.
शिवणाच्या डब्यातली लाल लोकर काढून बांधली.
दुसऱ्या दिवशी तीही नाही.
मी बांधायची, त्यानं सोडायची,
महिनाभर हेच.
छत्तीस वर्षांच्या संसारात
इतकं स्पष्ट आम्ही क्वचितच बोललो असू.

त्याला कळत नव्हतं असं नाही.
दोन उन्हाळ्यांपूर्वी पलीकडचा डोंगर जळाला
तेव्हा आमच्या अंगणात राख पडली होती,
आणि राखेसोबत अर्धा कागद.
कुणाचं तरी वळणदार अक्षर:
दोन वाट्या मैदा, चिमूटभर
पुढचं जळालेलं.
तो कागद अजून त्याच्या ट्रकमध्ये आहे.
चिमूटभर काय, ते आम्हाला कधी कळणार नाही.

विमा कंपनीचं पत्र फ्रिजवर.
नकाशात आमचं घर तांबड्या पट्ट्यात.
एका झाडाचे नऊशे डॉलर,
छपराचं तर विचारूच नका.
"आणि शेजारचं रान?" ऑरिन म्हणायचा,
"मालक बसलाय फिनिक्सला, गवत कमरेएवढं.
ते पेटलं तर
माझी पाच फूट खडी काय करणार?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.

मग रस्त्यापलीकडच्या डेल्बर्टनं झाडं काढली.
वीस वर्षांत पहिल्यांदा
त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा आम्हाला दिसला,
आणि दिव्याखाली एकटा जेवणारा डेल्बर्ट.
ऑरिन बराच वेळ खिडकीशी उभा राहिला.
म्हणाला, "हा इतक्या उशिरा जेवतो?"
एवढंच.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी सवयीनं मोजल्या.
पुन्हा अकरा.
खिडकीपुढचा पाइन मात्र तसाच मोकळा.
अकरावी फीत होती मागच्या, जुन्या झाडाला,
ज्याला ब्रिएलनंही सूट दिली होती.
त्याची एक फांदी छपरावर टेकते,
आणि मुलींच्या झोक्याचा आकडा
सालीनं केव्हाच गिळलाय.
माझीच लाल लोकर. दुहेरी गाठ.

मी झाडाला नाक लावलं.
उन्हात त्याच्या सालीला व्हॅनिलाचा वास येतो.
मागून तो शिडी घेऊन आला.
"खिडकीपुढच्याच्या खालच्या फांद्या तेवढ्या
उतरवू आपण," म्हणाला. "तू शिडी धर."

मी शिडी धरली.
कुंपणापलीकडे फिनिक्सवाल्याचं गवत
वाऱ्यावर हलत होतं.