कारणांची वही

मेडिकलच्या वॉर्डात सिस्टर विचारते,
एक ते दहामध्ये किती दुखतंय?
मी सात म्हणते.
दहा म्हटलं की ती डोळे बारीक करून पाहते,
पाच म्हटलं तर इंजेक्शन चहानंतर येतं.
सात हा आकडा शोधायला मला अठरा वर्षं लागली.

बाहेर कुणी आकडा विचारत नाही.
बाहेर विचारतात, आता काय झालं वं पुन्हा?
म्हणून मी वही ठेवलीय,
शंभरपानी, मागच्या पानापासून लिहिलेली:
तारीख, कोणाला, काय सांगितलं.

सदरच्या ऑफिसात बोकारे साहेबांना, वायरल.
ऑगस्टमध्ये डेंग्यू,
त्यावर नागपुरात कुणी शंका घेत नाही.
खालच्या मजल्यावरच्या काकूंना, अशक्तपणा.
त्यांनी बीट आणून दिले, वर गुळाचा खडा,
मी त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ला.
सुवर्णलताच्या लग्नाला गेले नाही: इंटरव्ह्यू.
आणि जानेवारीत, पारा सहावर होता त्या पहाटे,
गुडघ्यांत, मांड्यांत, पाठीच्या मणक्यांत
रात्रभर कुणी काच कुटत बसलं होतं,
तेव्हा मी पवनीचा मामा मारला.
तीन दिवस मिळाले.
साहेब म्हणाले, आईला सांभाळ, जपून जा.

मामा तेव्हा ओसरीवर पेपर वाचत असेल.
हाच मामा माझ्या नावानं रक्तपेढीत चार वेळा झोपला
आणि दर वेळी बिस्किटाचा पुडा मला आणून दिला.

कार्ड आई तांदळाच्या डब्यात ठेवते.
माझं लाल.
तिचं पिवळं, बाबांचंही पिवळं,
दोन पिवळे मिळून एक लाल होतो
हे त्यांना लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.
अजून भांडतात त्यावरून,
हळू आवाजात, मी झोपलेय असं समजून.

बघायला पाहुणे आले की आई
मला खिडकीला पाठ करून बसवते,
उजेडात डोळे पिवळे दिसतात म्हणून.
काटोलच्या मुलानं विचारलं, छंद काय तुमचा?
मी म्हटलं, पाणी पिणं.
तो हसला. मोकळा हसला.
मला तो आवडला होता,
आणि मी गंमत केली नव्हती.
त्याच्या आईनं जाताना माझा हात हातात घेतला,
किती थंड आहेत गं, म्हणाली.
पुढचा फोन आला नाही.
वहीत त्या तारखेपुढे
काय सांगितलं हा रकाना रिकामा आहे.
न सांगितलेलं कुठे लिहायचं?

एप्रिलमध्ये मामा खरंच गेला.
झोपेतच.
फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होते.
मामा जानेवारीतच वापरून झाला होता.

त्या दिवशी मी एकशे चाळीस पावत्या चढवल्या.
कूलरचा पंखा खडखडत होता, वाळ्याचा वास येत होता.
साहेब म्हणाले, आज तब्येत बरी दिसते.
संध्याकाळी गणेशपेठेतून गाडी पकडली,
उमरेडपर्यंत उभीनं.
पोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं.
मामी म्हणाली, काहून वं, इतका उशीर?
सकाळीच तर कळवलं होतं तुला.

मेमध्ये पुन्हा वॉर्ड.
बाजूच्या खाटेवर देवलापारची रोशना उईके, पंधरा वर्षांची,
सलाइनच्या हातानंच केसांना रबर लावू पाहणारी.
तिनं विचारलं, ताई, सिस्टरला किती सांगत असतात?
सात माझ्या जिभेवर आलं होतं.
म्हटलं, जितकं आहे तितकं सांग.
ती जरा वेळ छताकडे पाहत राहिली.
सांगितलं ना मी खरं, सकाळी, म्हणाली,
चहा पिऊन येतो म्हणाल्या त्या.

मी तिच्या केसांना रबर लावून दिला.
दोन वेढे. तिसरा बसत नव्हता.