दर सातवं घर

चिठ्ठीत निघाला चार.
म्हणजे चार, अकरा, अठरा, पंचवीस,
गाव संपेपर्यंत.

सतराव्या दारात पंचफुला उईके
सकाळपासून खाट टाकून बसलेली,
धुतलेलं लुगडं नेसून.
"माह्यं घर काहून गाळलं बाप्पा?"

मी नमुना निवड समजावू लागलो,
पूर्वग्रह, प्रातिनिधिकता...
घामानं प्रश्नावलीची शाई फुटली.

"म्हंजे चिठ्ठीत नाई निंगाली मी.
घरकुलाच्याबी नाई निंगाली."
आणि पाण्याचा गडवा पुढं केला.

अठराला कुलूप.
नियम असा की तीनदा जायचं,
शेजारचं घर चालत नाही.

तीनदा गेलो.
तीनदा तिच्याच खाटेवर बसून
अठराची वाट पाहिली.
ती बोलत होती, मोहाच्या फुलांपासून
मेलेल्या दिरापर्यंत.

प्रबंधात लिहिलं,
घर क्रमांक अठरा : प्रतिसाद नाही.