खोडलेलं उत्तर

सावद्याला, पतसंस्थेच्या माडीवर, रात्री साडेआठला
सतरा नंबरचा फॉर्म भरलेले माझे अकरा जण.
रुबाब तडवी सगळ्यांत शेवटी येतो,
ट्रक भरून, ताडपत्री आवळून.
शर्टावर केळीचा चीक, कुठल्याच साबणाला दाद न देणारा.
वहीवरही तोच:
क्षच्या गाठीत तपकिरी डाग.

फळ्यावर मी लिहिते,
क्ष वर्ग, उणे सात क्ष, उणे साठ, बरोबर शून्य.
मधलं पद फोडायचं.
असे दोन आकडे शोधा, गुणाकार उणे साठ, बेरीज उणे सात.
मंजुळा कोळीला घाई: दहा, सहा. नाही.
पंधरा, चार. नाही.
मागून कोणी तीस म्हणतं आणि आपलं आपणच हसतं.

रुबाब बोलत नाही.
घड हातावर तोलावा तसा तो साठ तोलतो,
विळा कुठं घातला तर फणी अखंड निघेल, बघतो.
मग म्हणतो, बारा नि पाच. बारा उणे.

पहिल्या दोन पदांतून क्ष काढला, पुढच्या दोहोंतून पाच,
आणि दोन्ही कंसांत उरलं तेच: क्ष उणे बारा.
तेवीस वर्षं शिकवतेय,
अजूनही हे दोन कंस सारखे निघाले की
परक्या गावी आपल्या आडनावाचं कोणी भेटावं
तसं होतं मला.

आता गुणाकार शून्य, म्हणजे दोघांतला एक तरी शून्य.
"काट्यावर माल कमी भरला त असंच," रुबाब म्हणतो.
"व्यापाऱ्याचा माणूस म्हणे मी नाही, मुकादम म्हणे मी नाही.
पन एक त आहेच."
दोघंबी असतील, मंजुळा म्हणते. वर्ग हसतो.
इथं दोघं एकदम नाहीत, मी सांगते,
एकाच क्षला एकाच वेळी
बारा आणि उणे पाच होता येत नाही.

गणित वावराचं होतं. लांबी क्ष, रुंदी सातनं कमी, क्षेत्रफळ साठ.
लांबी ऋण नसते, सबब उणे पाच खोडा.
दहा पेनं खर्रकन फिरली.

"मॅडम, लांबी उणे पाच धरली
त रुंदी उणे बारा.
उण्याला उण्यानं गुनलं, साठच आलं.
मंग खोडायचं कायले?"

असं वावर नसतं रुबाब.

"नसंल. त्याचा सातबारा नसंल.
आमच्याजोळबी कुठी आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं,
खोडण्याला अर्धा मार्क आहे.
त्यानं पट्टी घेतली आणि एकच रेघ मारली, सरळ, बारीक.
खालचा आकडा नीट वाचता येत होता.

साडेदहाला कुलूप लावून उतरले.
थंडी अशी, की उद्या बागांना चरका बसणार.
अंगणात गाड्या गेलेल्या,
कागद, सुकली पानं, एक चेचलेली फणी.
कोणी बघत नाही असं पाहून
मी पाच पावलं उलटी चालले,
काटकोनात वळले,
आणि उलटीच बारा मोजायला लागले.
नवव्या पावलाला पाठीला भिंत लागली,
पतसंस्थेची.