करंगळी

केप्याच्या कचेरीत पंखा फक्त साहेबांवर फिरतो,
माझ्या टेबलावर यंत्राचा तांबडा डोळा.
रांगेत एकोणिसावी
पुतळी लाडू वेळीप, मोरपिर्ल्याची,
पहाटेची बस धरून आलेली.
पिशवीत रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला,
आणि वाटेत खायला घेतलेला, न खाल्लेला उंडो.

अंगठा ठेवा, म्हटलं.
ठेवला.
यंत्र म्हणालं, पुन्हा.
पदराला पुसून ठेवला. पुन्हा.
केसांवरून फिरवून, तेलाचं बोट लावून
(रांगेला हे सगळे उपाय पाठ आहेत)
पुन्हा.

मी तिचा हात उताणा करून पाहिला.
अंगठ्यावर रेषाच नव्हत्या.
ओल्या फडक्याने पाटी पुसावी
तसा गुळगुळीत, कडांना काळपट.
काजूच्या टरफलाचा चीक. मला कळतं.
राख चोळून बसलं तरी आत शिरतो
आणि एकेक वळण खाऊन टाकतो.

तिलाही कळलं, की मला कळलं.
कारण पुढचा रकाना तोच होता:
काम करता? होय / नाही.
होय म्हटलं, तर कुठे, किती, मालकाचा कागद आणा,
ठरल्या आकड्याच्या वर एक रुपया गेला
की पैसे बंद.
नाही म्हटलं, तर हा अंगठा
टेबलावर पडलेलाच होता,
स्वतःच्याच बाईविरुद्ध साक्ष द्यायला.

"चारच महिने गे बाय," ती हळू म्हणाली,
"तेही किलोवर. मे महिन्यात तीन दिवस
ताप नसताना तापाने निजले,
तुमच्या त्या आकड्याच्या आत राहायला.
मुकादम म्हणतो, आळशी.
तुम्ही लिहिणार, कमावती.
दोघांना एकदा समोरासमोर बसवा."

मागे कोंसेसांव फुटकन हसली.
साहेबांनी मान वर केली,
पंख्याखालचे कागद सावरले.

मी काही थोर नाही.
माझंही कंत्राट अकरा महिन्यांचं.
बाराव्यात मी कुठल्याच कागदावर नसते,
मग नव्या नंबराने पुन्हा जन्मते.
शेजारी विचारतात, तेव्हा सांगते, रजा.
रकान्यात कर्सर उडत होता
मनगटावरच्या शिरेसारखा,
आणि मला काही केल्या आठवेना
की विचारणाऱ्याने उत्तर ऐकलंच पाहिजे
असं सूचनापत्रकात कुठे छापलंय.

दुसरं बोट द्या.
तर्जनी. पुन्हा.
मधलं. पुन्हा.
उजवा हात असाच संपला.
डावा बी धरणारा, तोही झिजलेला.
शेवटी डावी करंगळी,
बी सोलताना बाजूला उभी राहणारी,
चहाचा पेला उचलतानाही
जिला कुणी हाक मारत नाही,
ती ठेवली.

हिरवा.

दहांतलं एकच बोट बेकार निघालं,
आणि सरकारने ओळखलं ते तेवढंच.
पुतळीबाय तिच्याकडे बघत राहिली,
लग्नात विसरून गेलेली धाकटी बहीण
अचानक दारात उभी असावी तशी.
"हिला एवढी वर्षं फुकट पोसली," म्हणाली,
"आता हीच मला पोसणार म्हण."

रकान्यात मी काय भरलं
ते इथेही लिहीत नाही.
पावती दिली. तिने पिशवीतला उंडो मोडला,
अर्धा माझ्या रजिस्टरवर ठेवला,
कणीसकट, शाई वाळायच्या आत.

पुढे या, म्हणत मान वर केली,
तर कोंसेसांवपासून थेट दारापर्यंत
एकेक बाई
पदराने, फ्रॉकने, जे असेल त्याने
करंगळी पुसत होती.