त्याच्याकडचं

दस्तूर मेहेर रोडवरून रिक्षात, चादरीत गुंडाळून,
मांडीवर बसून आला हा गृहस्थ.
पाचशे वर्षांचा. कान तेवढा शाबूत.
सोबत आलूबाई घासवाला आणि त्यांचा एकच प्रश्न:
"त्याचंच ना?"

पॉप्लरची फळी. मागे किड्यांची भोकं,
लाखेची अर्धी मोहोर,
आणि कुणी खिळ्याने कोरलेला बेचाळीस,
जो काहीही असू शकतो: लिलाव, बोटीतली पेटी, भाडेकरू.

एरंडवण्यात माझ्या टेबलावर तीन आठवडे तो उताणा.
दिव्याखाली पाहिला, आणि वीज गेली तेव्हा
खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात.
बाहीचा हिरवा काळवंडलाय, पण चुण्या
पाढ्यासारख्या पाठ, कुठे अडखळत नाहीत.
हा उस्ताद नव्हे. उस्ताद अडखळला असता.
इन्फ्रारेडमध्ये जबड्याखाली ठिपके:
टोचलेल्या कागदावर कोळशाची पुरचुंडी आपटलेली,
रांगोळीचा छाप असतो तसा.
करंगळी कुणा तिसऱ्याचीच. घाईत असावा.

चेहऱ्यावर मात्र काही नाही.
म्हणजे आहे, लाकूड आहे,
आणि डोळ्यांच्या जागी दोन ढगाळ डाग.

"हा कधी धुतला होता?"
"दर नवरोजला. फुई अर्धा बटाटा घेऊन पुसायची.
तोंड आधी. माणसाचं तोंड स्वच्छ हवं, म्हणायची."

कुंभारवाड्यात मामाच्या कारखान्यात
मी सोंडेवरची नक्षी रंगवायचे, सखू पितांबर,
एक न बोलणारा पोरगा नुसती नखं.
केरबामामा खुर्चीत बसून पावत्या फाडायचे.
शेवटच्या आठवड्यात हात धुऊन उठायचे,
चार केसांचा ब्रश घेऊन
फक्त डोळे आखायचे.
गिऱ्हाईक म्हणायचं, केरबाची मूर्ती.
खोटं नव्हतं ते.

अहवालात "त्याचं" लिहिलं. खोडलं.
त्याचं जे होतं ते डोळ्यांत असणार,
आणि ते गेलं, बटाट्याच्या फोडीला लागून,
कॅम्पातल्या कुठल्याशा मोरीतून, नदीकडे.
उरले ते पोटावर राबणारे:
बाहीवाला, कानवाला, तो करंगळीचा घाईवाला.

मराठीत एक सोय आहे. मध्ये "कड" घातली की भागतं.
"त्याच्याकडचं," मी म्हणाले.
"म्हणजे किती कमी?"
मी आकडा सांगितला.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"कान चांगलाय पण," म्हणाल्या,
आणि चादर गुंडाळली, घट्ट,
तोंडावरून नाही,
गळ्यापर्यंतच.