कमान

रूसेच्या जुन्या हॉलमध्ये
हीटर खोकत खोकत सुरू होतो.
बाहेर डॅन्यूबवर धुकं, आत गालिच्यावर
दहा वर्षांची रादोस्तिना मागे वाकून कमान करते
आणि टाळीसाठी थांबते.

मी टाळी देत नाही.
तिच्या कमरेशी दोन बोटं ठेवते:
सगळा बाक इथेच, एकाच मणक्यावर,
कागद दुमडावा तसा.

"खांदे उघड. छाती वर ढकल.
पोट सैल सोडू नकोस."
कमरेचं काय, ती पटकन ऐकते;
पण मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं नसतं.

आता कमान बुटकी दिसते.
ती फुरंगटते. फुरंगटू दे.

"दुखतंय?"
"नाही."
ते 'नाही' जरा लवकरच आलं.
माझंही असंच यायचं
सोळाव्या वर्षी, एक्स-रे निघेपर्यंत.

"आज पुरे. उद्याही नाही. आधी डॉक्टर."

ती मोजे चढवते, माझ्याशी बोलत नाही.
दाराशी मात्र वळते,
माझ्या बुटाची सुटलेली नाडी बघते,
जी सकाळपासून तशीच आहे,
आणि काही न विचारता
गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून
खाली बसते.