अकरा मिनिटं

शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपा, म्हटल्यावर
बाबा आधी खिशातली सुटी नाणी
मग मनगटावरचं घड्याळ माझ्या ओंजळीत देतात.
चष्मा ठेवू द्या, म्हणतात, बघायचंय.
परळच्या त्या गार खोलीत नौशीन मॅडम
बरगड्यांवर जेल लावून एक दांडका टेकवतात
आणि पडद्यावर, राखाडी अंधारात,
काहीतरी उघडतं. मिटतं. उघडतं.

हे काय?
झडप, काका. चार असतात.

चारच?

एकतीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात
चावीवाले होते भिकाजी धाकू कासले.
पुरुषभर लांब लोखंडी चावी खांद्यावर,
भंडारवाड्याच्या टेकडीवरून खाली
माझगाव, डॉकयार्ड, डोंगरीची उतरण,
एका पाळीत बावीस झडपा.
कुठली सतरा आट्यांत बसते, कुठली साडेएकोणीस,
कुठली बाराव्याला अडते आणि शिवी मागते,
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.
मनगटात होतं.

म्हणून आता पडल्या पडल्या चौकशी:
प्रेशर किती? उलटं कुठे मारतंय?
नौशीन मॅडम हसत नाहीत. मला ते आवडतं.
इथे बघा, हा निळा झोत,
झडप मिटल्यावरही थोडं रक्त मागे फिरतंय.
वॉशर गेला, बाबा म्हणतात.

आणि तो ठोका ऐकू येतो, तो उघडण्याचा ना?
नाही काका. मिटण्याचा.
चांगली झडप उघडताना आवाज करत नाही.

बाबा छताकडे बघत राहतात.
आमच्या नळाचं उलटं होतं.
येताना खोकायचा, थुंकायचा, अख्खी चाळ उठवायचा,
गेला कधी ते बादलीलाच कळायचं.

डोंगरीत एकदा, मार्चात,
चावी बारा आटे बंद झालेली
आणि एक माणूस जिन्यावरून उतरला. कोरडे हात.
वर मयत आहे, म्हणाला, अजून आंघोळ
पुढचं बोलला नाही.
बाबांनी चावी उलटी फिरवली.
अकरा मिनिटं.
पुढच्या गल्लीत तेवढं पाणी कमी गेलं, तक्रार झाली,
मेमो आला. तो अजून आहे,
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये, आईच्या फोटोमागे.

आई गेली ती संध्याकाळी साडेसहाला.
पाळीवर पाटणकर होता, बाबांचा शागीर्द,
एक फोन पुरला असता.
आम्ही पिंपातलं शिळं पाणी तापवलं,
वर राखेचा तवंग, तो मी ओंजळीनं काढला.
आपल्यासाठी कुणाची वेळ मोडायची? म्हणाले,
आणि बाहेर जाऊन उभे राहिले, चपला न घालता.
हे मी त्यांना बारा वर्षं माफ केलं नाही.
अजूनही पुरतं केलंय असं नाही.

पंप सगळ्या अंगाला रक्त देतो, मॅडम सांगतायत,
मग त्याला स्वतःला कधी मिळतं?
दोन ठोक्यांच्या मध्ये, काका.
सैल पडतो ना, तेव्हाच जास्त. तेवढाच वेळ.

हां, बाबा म्हणतात.
आमच्याकडे पण पहाटे साडेचारला.
सगळ्यांचं झाल्यावर.

टिश्यूपेपरनं छाती पुसतात, जोरात, भांडं घासावं तशी.
बटणं एक घर चुकून लावतात.
एवढी गळती या वयात चालते, रिपोर्टमध्ये लिहीन,
सहा महिन्यांनी परत या.
शहरात यापेक्षा जास्त आहे, बाबा म्हणतात,
आणि आता मॅडम हसतात.

बाहेर फुटपाथवर एक लोखंडी झाकण.
ते त्यावर पाय ठेवून थांबतात,
चपलेतून काहीतरी ऐकत.
मी नाणी देते. मोजत नाहीत.
घड्याळ देते. ते कानाला लावतात,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ,
मागून टॅक्सीवाला हॉर्न मारतोय,
मग तिथेच, रस्त्यात, अंगठा आणि बोट,
घड्याळाला चावी देत उभे राहतात.
आटे मी मोजते.
नवव्याला चुकते.